ब्लानिकचे राखणदार

राखणदार म्हणजे कोण, हे गोव्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. हातात दांडा, खांद्यावर घोंगडी, आणि रात्री गावच्या सीमेवरून फेरी. त्याच्या नावाने रोट ठेवतात, विडी ठेवतात, वाहणा देतात. वर्षभराने त्या वाहणा झिजलेल्या दिसतात, असे जुनी माणसे सांगतात. खरे-खोटे करत बसू नये. गाव कुणीतरी सांभाळतो आहे हा भरवसा महत्त्वाचा.

असाच एक राखणदार चेक लोकांचाही आहे, पण तो एकटा नव्हे, अख्खी पलटण आहे. प्रागच्या आग्नेयेला साधारण साठ किलोमीटरवर ब्लानिक नावाची टेकडी आहे, उंची जेमतेम साडेसहाशे मीटरच्या आत. तिच्या पोटात घोडेस्वार झोपलेले आहेत आणि देशावर अगदी निर्वाणीची वेळ आली की संत वात्स्लाव यांच्या मागोमाग ते बाहेर पडतील, अशी तिथली दंतकथा. बेद्रिख स्मेताना या संगीतकाराने ती वाद्यवृंदात बसवली. त्याच्या ‘मा व्लास्त’ म्हणजे ‘माझा देश’ या सहा रचनांच्या मालिकेतली ही शेवटची.

स्मेताना जन्मला 1824 साली, दारू गाळणाऱ्या भट्टीवाल्याच्या घरी. राज्य ऑस्ट्रियाचे, शाळा जर्मन, पत्रव्यवहारही जर्मन. चेक ही त्याची स्वतःची भाषा, पण ती नीट लिहायला तो पस्तिशीच्या पुढे शिकला. हे वाचताना मला आमच्याकडचे पोर्तुगीज आमदानीतले शिकलेले लोक आठवतात. लिसेवात पोर्तुगीज, दरबारी अर्ज पोर्तुगीज, आणि घरी माजघरात आजी मात्र मराठी पोथी वाचते आहे! भाषा गेली असे वाटते, पण ती माजघरात थांबलेली असते. कुणीतरी जाऊन तिला उठवावे लागते. स्मेतानाने ते केले, आणि दंतकथांच्या वाटेने केले.

1874 च्या ऑक्टोबरात त्याचे दोन्ही कान गेले. नाटकगृहातली वाद्यवृंद चालवण्याची नोकरी सोडावी लागली. आणि त्याच वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात त्याने व्लतावा नदीवरची रचना तीन आठवड्यांच्या आत लिहून काढली. आज जगभर त्याचे नाव ऐकू येते ते बहुधा या नदीमुळेच. पुढची ‘शार्का’ पुन्हा दंतकथेवर. पुरुषांशी युद्ध पुकारलेल्या स्त्रियांपैकी ही एक. ती स्वतःला झाडाला बांधून घेते. त्स्तिराद नावाचा वीर तिला सोडवतो, भाळतो, आणि त्याची सगळी माणसे मधाची दारू पिऊन झोपी जातात. संगीतात शार्का क्लॅरिनेटमधून बोलते, त्स्तिराद चेलोतून, आणि झोपलेल्यांचे घोरणे बासूनच्या खर्जात ऐकू येते! मग शिंग वाजते, बायका तुटून पडतात आणि सगळा निकाल लागतो. शब्द एकही नाही, पण गोष्ट कळते. दशावतारात संकासुराच्या नुसत्या चालीवरून कळते ना, तसेच.

‘ब्लानिक’ पुरी झाली 1879 साली. इथे स्मेतानाने एक गंमत केली. डोंगरात झोपलेले वीर त्याने हुसाइट केले, म्हणजे 1415 साली जिवंत जाळलेल्या यान हुसचे अनुयायी. त्यांचे जुने युद्धगीत त्याने आधीच्या ‘ताबोर’मध्ये घेतले होते, तेच इथे पुढे चालवले. मध्येच ओबोवर गुराख्याचा पावा वाजतो. खाली गुरे चरताहेत आणि वर डोंगराच्या पोटात फौज झोपली आहे, असे काहीतरी. शेवटी तेच युद्धगीत कूच करत बाहेर पडते. लोककथा म्हणजे संग्रहालयातली मूर्ती नव्हे, जो तो आपल्या गरजेने तिला घडवतो, हे इथे दिसते. सहाही रचना एकत्र पहिल्यांदा वाजल्या 5 नोव्हेंबर 1882 रोजी, प्रागमध्ये. तोवर आठ वर्षे बहिरेपणात गेलेल्या स्मेतानाला त्यातला एक सूरही ऐकू आला नाही. 1884 च्या 12 मे रोजी वेड्यांच्या इस्पितळात तो वारला.

आता तुम्ही विचाराल, ते घोडेस्वार कधी आले का? नाही आले. 1939 साली जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या, ब्लानिक गप्प. पण त्याच वर्षी जूनमध्ये वात्स्लाव तालिखने ‘मा व्लास्त’ वाजवले आणि शेवटी श्रोत्यांनी उभे राहून राष्ट्रगीत म्हटले. त्याचे ध्वनिमुद्रण आजही आहे. 1968 साली रशियन रणगाडे आले, तेव्हाही डोंगर उघडला नाही. 1989 साली माणसेच रस्त्यावर उतरली. पुढच्या वर्षी 12 मे रोजी, 1948 साली देश सोडून गेलेला राफाएल कुबेलिक परत येऊन तेच संगीत वाजवून गेला. डोंगरातून कुणी यायची गरज उरली नाही.

आमच्याकडे वाद्ये नव्हती असे नाही. चर्चच्या संगीतशाळांतून सोल्फा शिकलेल्या गोंयकारांनी मुंबईचे सिनेमासंगीत उभे केले. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसने पाश्चात्य वाद्यवृंदासाठी रागांवर रचना केल्या आणि 1958 साली मुंबईत स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. जागर आहे, धालो आहे, सातेरीचे वारूळ आहे. राखणदार मात्र अजून कुणा वाद्यवृंदात शिरलेला मी ऐकला नाही.

शिरेल तेव्हा शिरेल. मला काळजी दुसरीच आहे. ब्लानिकच्या परिसराला 1981 सालापासून संरक्षित भूप्रदेशाचा दर्जा आहे. तिथली फौज निवांत झोपू शकते. आमच्या डिचोली-सांगेचे डोंगर खाणींनी पोखरले. मी सरकारी कारकून. माझ्यापुढे डोंगर येतो तो सर्व्हे नंबर म्हणून. त्याच्या कुठल्याच रकान्यात राखणदाराचे नाव लिहिलेले नसते.