शिखरावरचं पाणी

वडूजहून दहिवडीवरनं पुढं गेलं, की शंभू महादेवाच्या डोंगररांगेत शिखर शिंगणापूर लागतं. तालुका माण, पण आमच्या खटावातल्या कितीतरी घरांचं कुळदैवत तिथलं. आम्ही नुसतं ‘शिखर’ म्हणतो. यादवांच्या सिंघण राजानं गाव वसवलं म्हणून शिंगणापूर, असं जुनी माणसं सांगत आली. भोसले घराण्याचाही हाच देव.

गाभाऱ्यात लिंगं दोन, एक शिवाचं, एक शक्तीचं. चैत्रात त्यांचं लग्न लागतं. पंचमीला हळद, अष्टमीला लग्न. लग्नाच्या दिवशी महादेवाच्या कळसापासून बळीच्या देवळाच्या कळसापर्यंत लांबच लांब ध्वज बांधतात. वऱ्हाडाला आवतण लागत नाही. कुठल्याही जातीचा माणूस यावा नि जेवून जावा.

द्वादशीला कावडी येतात. सासवडकडची तेल्या भुत्याची कावड मोठ्या मानाची. कऱ्हेचं पाणी घेऊन ती पायी येते आणि कोथळ्याच्या बाजूनं मुंगी घाट चढते. घाट कसला, उभा कडाच. माणसं एकमेकांना हात देत साखळी धरतात आणि कावड वर जाते. देवाला ‘म्हाद्या’ म्हणून एकेरीत हाका मारतात. घरच्या थोरल्याशी भांडावं तसं भांडतातसुद्धा.

मी शेतकरी, माझी नजर पाण्यावर जाते. चैत्रात आमच्या विहिरींनी तळ गाठलेला असतो, येरळेत वाळू उघडी पडलेली असते. अशा दिवसांत दुसऱ्या मुलखातली माणसं नदीचं पाणी खांद्यावर घेऊन आमच्या उघड्या डोंगरावर येतात. या मुलखात पाण्याहून मोठा नैवेद्य कुठला?

हे मालोजीराजांनी ओळखलं होतं. यात्रेकरूंचे पाण्यावाचून हाल होतात हे बघून १६०० च्या सुमारास त्यांनी डोंगरावर मोठं तळं बांधवलं. पुढं १९७२ च्या दुष्काळात आमच्या भागातली माणसं खडी फोडायला आणि तलावांची माती उपसायला गेली, तेव्हा पाणी अडवणं म्हणजे काय ते अंगातून घाम निघून कळलं.

शिखराला गेलात तर देवळातूनच माघारी फिरू नका. तळ्यावर जा. त्यात कागद, नारळाची शेंडी टाकू नका. दानपेटीत पैसे टाकायचेच असतील, तर गाळ काढायच्या कामालाही थोडे द्या. मालोजीराजांची ती पूजा अजून चालू ठेवायची आहे.