एका आठवड्यातील दोन प्रस्थाने

मुंबईहून लंडन किती लांब, असा प्रश्न केला तर त्याचे उत्तर दोन प्रकारे देता येते. विमानतळापासून विमानतळापर्यंत सरळ मोजले तर अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. परंतु प्रवासाला निघालेला माणूस किलोमीटर मोजीत नाही, तो तास मोजतो. आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या जहाजाला हाच प्रवास जवळजवळ २०,००० किलोमीटरांचा पडे. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि ती वाट सुमारे ११,६०० किलोमीटरांवर आली. तरीही प्रवास आठवड्यांचाच राहिला.

पुढे ८ जून १९४८ च्या रात्री एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून निघाले. त्यात ३५ प्रवासी होते; जे. आर. डी. टाटा त्यांतलेच एक. कैरो व जिनिव्हा येथे थांबून ते १० जूनच्या सकाळी लंडनला उतरले. आजचे जेट विमान वाटेत न थांबता हा पल्ला साधारण दहा तासांत गाठते. त्यातही जाताना पश्चिमेचा वारा तोंडावर येतो, म्हणून येण्यापेक्षा जाण्यास अधिक वेळ लागतो. अंतर तेच, तास निराळे!

या उड्डाणाला इतिहासात मान आहे आणि तो योग्यच आहे. परंतु आम्हां नगरकरांना त्याच्या बरोबर सात दिवस आधीचे दुसरे प्रस्थानही आठवले पाहिजे. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर रस्त्यावर एसटीची पहिली गाडी धावली. लक्ष्मण केवटे हे तिचे वाहक होते. अंतर अवघे सव्वाशे किलोमीटरांच्या आतले. परंतु विमानाने मूठभरांना लंडन जवळ आणले, तर एसटीने पुढे हजारो खेड्यांना बाजार, दवाखाना आणि कचेरी जवळ आणली.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. शाळा लवकर सुटली. भूगोल शिकलो तो प्रवासात. रात्रीच्या गाडीने मुंबईच्या बैठकीला जाताना आम्ही अंतर झोपेत कापले. चालकाने ते जागून कापले. प्रवासाचा वेळ आपोआप कमी होत नाही, त्यामागे कोणाचे तरी श्रम असतात. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने या श्रमांना दिवसाला आठ तास व आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा घातली, आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली. आमच्या मते विमानोड्डाणाइतकीच हीही प्रवासाच्या इतिहासातील मोठी घटना होय.

१ ऑक्टोबर २०१७ रोजी आपल्या जिल्ह्यात काकडी येथे शिर्डी विमानतळाचे उद्घाटन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते झाले. तेथून मुंबई हवेतून पाऊण तासाच्या आसपास. आनंदाचीच गोष्ट! परंतु आपला जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. जामखेडच्या माणसाला त्या पाऊण तासासाठी आधी गाडीत कित्येक तास काढावे लागतात.

म्हणून दोन विमानतळांमधील तास कोणी सांगितले, तर श्रोत्यांनी दोन प्रश्न अवश्य विचारावेत. घराच्या उंबरठ्यापासून किती तास? आणि त्या तासांत आपल्यासाठी कोण जागले?