ओरॅकचा आकडा

लवंगेच्या पुडीत ब्लूबेरीपेक्षा कितीतरी पट अँटिऑक्सिडंट असतात, हे वाक्य ज्या चाचणीच्या आधारावर जगभर फिरलं तिचं नाव ओरॅक. १९९३ साली बाल्टिमोरच्या ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंग’मध्ये गुओहुआ काओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली.

एक चमकणारा रंग घ्यायचा आणि त्यात एएपीएच हे रसायन सोडायचं. ३७ अंश तापमानाला ते हळूहळू फुटत जातं आणि त्यातून निघणारे फ्री रॅडिकल रंगाची चमक मारत जातात. पदार्थाचा अर्क मिसळला की चमक उशिरा विझते. हा उशीर ट्रोलॉक्सशी, म्हणजे ‘ई’ जीवनसत्त्वाच्या पाण्यात विरघळणाऱ्या कृत्रिम भावंडाशी, ताडून आकडा काढायचा.

घोडं अडलं रंगापाशीच. सुरुवातीला वापरला जाणारा रंग होता बीटा-फायकोएरिथ्रिन, लाल सूक्ष्म शैवालातून काढलेलं प्रथिन. त्याची एक खेप दुसरीशी जुळेना, यंत्राच्या उजेडानेच ते फिकं पडे, आणि वर अर्कातली काही पॉलिफेनॉल नावाची अँटिऑक्सिडंट त्यालाच चिकटून बसत. ज्याचं माप घ्यायचं त्यानेच तराजूला हात लावावा, तसला प्रकार! २००१ मध्ये बॉक्सिन ऊ, रोनाल्ड प्रायर आदींनी त्याच्या जागी फ्लुरोसिन आणलं. ते कृत्रिम, स्वस्त आणि उजेडात टिकणारं.

तरी आकडे हलतच होते. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये कडेचे खळगे आणि मधले खळगे सारखे तापत नाहीत, आणि एएपीएचचं फुटणं तर तापमानावरच अवलंबून. त्यामुळे एकाच अर्काचे कडेला एक आणि मध्ये दुसरेच आकडे निघत. मग प्लेट आधी तापवून घेणं, कडेच्या खळग्यांत नमुन्याऐवजी नुसतं पाणी भरणं अशा सवयी लागल्या. विश्वासार्हता आली ती बरीचशी अशा किरकोळ वाटणाऱ्या शिस्तीतून.

बाजाराला मात्र एवढा धीर नव्हता. अमेरिकी कृषी खात्याने २००७ मध्ये पदार्थांच्या ओरॅक-मूल्यांची यादी प्रसिद्ध केली, २०१० मध्ये ती वाढवली. १०० ग्रॅम लवंगेला लाखांत मूल्य, ताज्या ब्लूबेरीला काही हजार. १०० ग्रॅम लवंग कोण खातो, हे विचारायला कोणी थांबलं नाही. रस आणि गोळ्या विकणाऱ्यांनी हे आकडे जाहिरातीत मिरवले. २०१२ मध्ये खात्याने यादीच काढून टाकली: परीक्षानळीतल्या मूल्यांवरून शरीरातला परिणाम सांगता येत नाही आणि आकड्यांचा गैरवापर होतो, ही कारणं दिली.

चाचणी प्रयोगशाळांत अजून चालते. सोबत बहुधा डीपीपीएच किंवा फ्रॅप ही दुसरी अँटिऑक्सिडंट-चाचणी असते, आणि त्यांत लागणारे पदार्थांचे क्रम ओरॅकशी जुळतीलच असं नाही. फ्रॅप तर फक्त लोहाचं रूप किती बदललं एवढंच पाहते, तेही ३.६ सामूच्या आंबट द्रावणात.