मिरजगाव : वाट, पाणी आणि देऊळ

नगरहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्याने निघाले, की रुईछत्तिशी व घोगरगाव मागे टाकून पुढे जे मोठे गाव लागते, ते मिरजगाव. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. तरी बाजाराला, दवाखान्याला अथवा कोर्टकचेरीला निघालेला माणूस अजून ‘नगरला जाऊन येतो’ असेच सांगतो. तालुक्याचे ठिकाण कर्जत असले, तरी आसपासच्या खेड्यांचे पाय बी-बियाणे, कापडचोपड व औषधपाणी ह्यांसाठी पूर्वीपासून मिरजगावच्या पेठेकडेच वळतात.

हल्ली गावात येणारा पाहुणा दोन प्रश्न विचारतो. देवदर्शनाला आलेला विचारतो, ‘इथे पाहण्यासारखे काय आहे?’ मोटारीतून उतरलेला विचारतो, ‘रस्त्याकडेला गुंठ्याचा भाव काय चालला आहे?’ मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या ह्या प्रसंगी दोन्ही प्रश्नांचे उत्तर गावाच्या इतिहासातूनच देणे योग्य होईल.

गाव वाढले ते वाटेमुळे. आषाढीच्या आधी त्र्यंबकेश्वराहून निघणारी संत निवृत्तिनाथ महाराजांची पालखी नगर, मिरजगाव, करमाळा अशी ह्याच वाटेने पंढरीस जाते. पुढे इंग्रजी अमदानीत आगगाडी आली, पण ती गावाला दोन्ही बाजूंनी लांबूनच गेली. पुण्याहून सोलापूरला रेल्वे १८६० साली पोहोचली, ती दक्षिणेकडून. नगरवरून जाणारा दौंड-मनमाड मार्ग १८७८ साली सुरू झाला, तो पश्चिमेकडून. मधला सारा मुलूख बैलगाडीच्या व नंतर एस. टी.च्या भरवशावर राहिला. रेल्वे नसल्याची खंत गावाने पुष्कळ केली. तथापि ह्या मधल्या मुलखातला माल रस्त्यावरच उतरत व चढत राहिल्याने पेठ टिकली, हेही तितकेच खरे. २०२२ साली नगरहून आष्टीपर्यंत व २०२५ साली पुढे बीडपर्यंत आगगाडी धावू लागली. म्हणजे सीनेच्या पलीकडे शिट्टी वाजू लागली आहे. अलीकडे नगर-सोलापूर रस्ता रुंद होऊ लागला, तसे जमीन पाहायला येणाऱ्यांचे येणेही वाढले.

वाटेने पेठ दिली, पण पोट भरायचे ते शेतीवर, आणि शेती पाण्यावर. कर्जत तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. मृग कोरडा गेला तर शेतकरी हळहळतो. पण उत्तरा व हस्त ह्या नक्षत्रांनी पाठ फिरवली तर तो हादरतो. कारण काळ्या रानातली रब्बी ज्वारी ह्या परतीच्या पावसाच्या ओलीवरच येते. ह्या भागातील मालदांडीची भाकरी व पौषातला हुरडा ह्यांची गोडी मुंबई-पुण्याला गेलेली मुले अजून विसरत नाहीत. ज्वारी धान्य देते आणि कडबाही देते. म्हणून ज्वारी गेली, की माणूस व जनावर एकदमच उपाशी पडते.

असे प्रसंग ह्या मुलखाने अनेकदा पाहिले. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दौंड-मनमाड लोहमार्गाच्या भरावावर भुकेल्या माणसांनी माती वाहिली. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी तर आजच्या आजी-आजोबांच्या ओठांवर आहेत. खडी फोडणे, पाझर तलाव खोदणे, नाल्यांना बांध घालणे ही कामे घरोघरच्या बायामाणसांनी केली. मिलोची लाल भाकरी व सुकडी खाऊन दिवस काढले. त्याच काळात महाराष्ट्रात फोफावलेल्या रोजगार हमी योजनेला पुढे १९७७ च्या कायद्याचा आधार मिळाला. आज ज्या पाझर तलावाच्या खालच्या विहिरींना पाणी आहे, त्याच्या भरावात कुणाच्या तरी आजीची पाटी रिकामी झालेली आहे, हे नव्या पिढीने ध्यानी ठेवावे.

पुढे सीना नदीवर निमगाव गांगर्डा येथे धरण झाले. सीनेचा जीवच लहान. पावसाळ्यात दोन्ही थड्या भरणारी ही नदी उन्हाळ्यात वाळूच्या खाली जाते. म्हणून दूर जुन्नरच्या डोंगरातून, कुकडी प्रकल्पाच्या येडगाव धरणापासून निघालेल्या डाव्या कालव्याकडे ह्या भागाचे डोळे लागतात. तो कालवा सुमारे अडीचशे कि. मी. लांबीचा असून कर्जत व करमाळा हे तालुके त्याच्या शेपटाला आहेत. त्याचे पाणी भोसे खिंडीतील बोगद्यातून सीना धरणातही सोडले जाते. मुखाशी बसलेल्याची तहान भागल्यावर शेपटाकडे किती पोहोचते, ह्यावर येथील उसाचे, कांद्याचे व लिंबाच्या बागांचे भवितव्य अवलंबून असते. आवर्तन वेळेवर सुटले तर एकाच शिवारात हिरवळ दिसते. चुकले तर त्याच शिवारात टँकर फिरतो.

आता पाहुण्याच्या पहिल्या प्रश्नाकडे. मिरजगावहून एका दिवसात पुष्कळ पाहून होते. भीमाकाठचे सिद्धटेक हे अष्टविनायकांपैकी एक क्षेत्र ह्याच तालुक्यात आहे. राशीनच्या यमाईच्या देवळातील हलत्या दीपमाळा, कर्जतचे संत गोदड महाराजांचे मंदिर, १९८० साली काळविटांसाठी राखलेले रेहेकुरीचे अभयारण्य आणि शेजारच्या जामखेड तालुक्यातील, १७९५ च्या लढाईचे खर्डा, ही सर्व ठिकाणे आवर्जून पाहावीत. मात्र सर्वांत आधी चौंडीला जावे.

सीनाकाठच्या ह्या लहानशा गावी पाटील माणकोजी शिंदे ह्यांच्या घरी ३१ मे १७२५ रोजी अहिल्याबाई जन्मल्या. ऐन पावसाळ्यापूर्वी कोरड्या पडणाऱ्या नदीच्या काठी त्यांचे बालपण गेले. पुढे होळकरांच्या दौलतीचा कारभार हाती आल्यावर त्यांनी काशीविश्वेश्वराचे मंदिर १७८० साली उभे केले, सिद्धटेकचे देऊळ बांधले, आणि देशभर मंदिरांबरोबर घाट, विहिरी, बारवा व धर्मशाळा बांधविल्या. देवाच्या दारी आलेल्याला आधी पाणी मिळाले पाहिजे, हा धडा त्यांच्या प्रत्येक बांधकामात दिसतो. जीर्णोद्धार ह्या शब्दाचा खरा अर्थ ह्या मुलखाच्या लेकीने अशा रीतीने साऱ्या देशाला शिकविला.

राहिला दुसरा प्रश्न, गुंठ्याचा. जमीन घ्यावयास येणारा मनुष्य गावाचा शत्रू नव्हे. दुकान, गोदाम, दूधसंकलन वा फळप्रक्रियेचा कारखाना घेऊन जो येईल, त्याच्यामुळे गावच्या पोरांना गावातच काम मिळेल. पण त्याने रस्त्यापासूनचे अंतर मोजण्याआधी विहिरीची पातळी वैशाखात पाहावी. सात-बारा व फेरफार वाचावेत, वहिवाटीची वाट व विहिरीतील हिस्सा शेजाऱ्यांना विचारावा. शेतकरी नसलेल्यास शेतजमीन परवानगीवाचून घेता येत नाही, आणि देवस्थान इनामाची जमीन शासनाच्या मंजुरीवाचून विकता येत नाही, हेही त्याने जाणून असावे.

विकणाऱ्यानेही एक हिशेब मांडावा. मुलीचे लग्न, आजारपण, कर्ज ह्यांपायी गुंठे निघतात. त्यात कुणाला दोष देता येत नाही. परंतु पैसा दोन-चार वर्षांत सरतो, आणि ज्या रानाच्या बळावर मागच्या पिढ्यांनी दुष्काळ काढले ते रान परत मिळत नाही. निदान विहिरीकाठचा तुकडा तरी शेवटपर्यंत राखावा.

ह्या जीर्णोद्धारास कुणी रोख देणगी दिली, कुणी ज्वारीची पायली दिली, कुणी ट्रॅक्टरने दगड वाहिला, तर कुणी नुसते श्रम दिले. परगावी स्थायिक झालेल्यांनीही गावाची आठवण ठेवली. शिखरावर कळस चढला, की पुष्कळदा काम संपले असे वाटते. चौंडीच्या लेकीचा कित्ता गिरवायचा, तर देवळामागोमाग गावची जुनी आडे-बारवे उपसणे, तलावातला गाळ काढणे, ओढ्याकाठी झाडे लावणे हे काम हाती घ्यावे लागेल. पुढच्या आषाढात पालखी ह्या वाटेने येईल, तेव्हा दमल्याभागल्या वारकऱ्याला गावच्याच विहिरीचे गार पाणी मिळाले, तर ग्रामदैवताच्या ह्या सेवेचे सार्थक होईल.