जात्यापाशी बोललेलं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंगळवेढ्याच्या काळ्या रानातलं आमचं गाव. ज्वारीचा मुलूख. घरात आम्ही दख्खनी बोलायचो, बाजारात मराठी. पण पहाटे जात्यावर बसलं की दादी आणि अम्मा दोघी मराठीत गायच्या. लहानपणी मला वाटायचं, जातं मराठी आहे, त्याला दुसरी भाषा कळत नाही.

आज बोलायचं आहे ते मनाच्या आरोग्याबद्दल. मनाचे डॉक्टर तालुक्यालाच काय, जिल्ह्यालाही नव्हते, 'समुपदेशन' हा शब्दच जन्माला आला नव्हता, तेव्हा माणसं आपलं मन कशी सांभाळत होती? मी वैद्यकातला माणूस नाही. साधा बी.ए. झालेला, कविता लिहिणारा. म्हणून मला जे जवळून दिसलं तिथूनच सुरुवात करतो.

सरकारदरबारी या प्रश्नाचा इतिहास वेगळाच आहे. आपल्याकडे वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा आला तो १८५८ साली. रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ चं, ठाण्याचं १९०१ चं. १९१२ साली नवा कायदा आला आणि तो स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं चालू राहिला. त्याच्या जागी दुसरा कायदा संमत व्हायला १९८७ साल उजाडावं लागलं. हे जुने कायदे चाळले तर लक्षात येतं की त्यांना मुख्य काळजी एकच होती : कुणाला कोंडायचं आणि कुणाच्या हुकमाने. ज्याला कोंडण्याइतकं काही झालेलं नाही, पण जो रात्र रात्र छताकडे बघत पडतो, त्याचा त्या कागदात पत्ताच नाही. भिंतीच्या आत वेडे आणि बाहेर शहाणे. मधे काहीच नाही.

त्या मधल्या जागेत माणसांनी आपली आपण सोय करून घेतली. पुरुषांना पार होता, भजनी मंडळ होतं, तमाशा होता, वारी होती. वाईट सोयीही होत्या, त्या सांगायला नकोत. बाईला काय होतं? सासरी नांदणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीला पाणवठा होता आणि जातं होतं. पाणवठ्यावर चार कान असायचे. एक शब्द जास्त झाला की संध्याकाळपर्यंत सासूकडे पोचायचा. जात्याला कान नव्हते.

पण तेवढंच असतं तर ती नुसती भिंतीशी बडबड झाली असती. जात्यावरची खुबी निराळी होती. ओवी ही कुणा एकीची नसते. आईकडून, मावशीकडून, शेजारणीकडून आलेली. ठरलेली चाल, ठरलेले विषय : आई, भाऊ, लेक, पंढरीचा विठ्ठल, आणि सीता. सीतेचा वनवास हा तर ओव्यांचा मोठा विषय. आता सीतेला रामाने रानात सोडलं, तिला कुणी विचारलं नाही, असं कुणी सून गाऊ लागली तर सासू काय म्हणणार? देवाचंच नाव आहे. स्वतःचं दुःख दुसरीच्या नावावर टाकून मोठ्याने म्हणायची ही मुभा होती. आमच्याकडे तर गंमतच. दादी आणि अम्मा समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात घालायच्या. सून सीतेचा सासुरवास गायची आणि सासू पाळीच्या तोंडात ज्वारीची मूठ सोडत ऐकून घ्यायची. मग सासू तिच्या काळातला आपला गायची. दिवसभर दोघींचं पटायचं असं नाही. पण पहाटेचा तो तास मी कधी मोडलेला पाहिला नाही.

मुसलमान बाया सीतेच्या ओव्या गातात म्हटल्यावर शहरातले मित्र आश्चर्य करतात. त्यांना मी आणखी एक सांगतो. आमच्या गावापासून विजापूर फार लांब नाही. तिथल्या सूफींच्या परंपरेत सतराव्या शतकात 'चक्कीनामा' नावाचा प्रकार रुजला. बायांनी दळताना म्हणायच्या दख्खनी रचना. चरख्यावरचा चरखानामा वेगळा. रिचर्ड ईटन या अमेरिकन इतिहासकाराने १९७८ साली विजापूरच्या सूफींवर पुस्तक लिहिलं, त्यात त्याने यांचा शोध घेतला आहे. जात्याचा खुंटा म्हणजे सरळ उभा अलिफ, अशा उपमा देत बायांना ईश्वराच्या नामाकडे वळवायचं, असा तो घाट. मला त्या संतांबद्दल आदर आहे, पण कवी म्हणून खरं सांगायचं तर चक्कीनाम्यात शिकवण आहे आणि ओवीत गाऱ्हाणं आहे. शिकवणीने मन वळत असेल. हलकं व्हायला गाऱ्हाणंच लागतं. आमच्या दादीला चक्कीनामा ठाऊक नव्हता. ओव्या मात्र शेकडो येत होत्या.

या ओव्या कुणी कुणी गोळा केल्या. साने गुरुजींनी केल्या, सरोजिनी बाबरांनी केल्या. पुढे पुण्याचे गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायांनाच बरोबर घेऊन हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या उतरवल्या. लाख! एवढा मोठा ग्रंथ महाराष्ट्रात दुसऱ्या कुणी लिहिल्याचं मला माहीत नाही. आणि तो लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकींना अक्षर येत नव्हतं.

जात्याचं गोडवं गाणाऱ्यांनी मात्र एक ध्यानात ठेवावं. ते ओढणारी बाई हौसेने ओढत नव्हती. बाळंतपणाला महिना उलटला नाही तोच खुंट्याला हात लावावा लागायचा. तळहाताला घट्टे पडायचे. आणि ओवीने सगळंच सावरत होतं असंही नाही. ज्यांचं त्याच्या पलीकडे गेलं त्यांना बाहेरची बाधा ठरवून भगताकडे नेलं जायचं, दर्ग्यात नेलं जायचं. दर्ग्याच्या आवारात कित्येकांना आधार मिळाला, हे मी नाकारत नाही. पण २००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ एका झोपडीवजा आश्रमाला आग लागली आणि साखळदंडाने बांधलेली पंचवीसहून अधिक माणसं जागच्या जागी जळाली, हेही विसरता येत नाही. ज्याला औषध हवं त्याला औषधच हवं.

आता माझ्या घरातली गोष्ट.

माझ्या पाठीवर एक बहीण झाली होती. दोन वर्षांची होऊन तापाने गेली. मी इतका लहान होतो की मला तिचा चेहरा आठवत नाही. घरात तिचं नाव काढायचं नाही असा अब्बांचा दंडक. अम्माला त्रास होऊ नये म्हणून. चांगल्या हेतूनेच. गावात गिरणी आली तेव्हा ज्वारी गिरणीत जाऊ लागली, पण डाळी भरडायला अम्माने जातं सोडलं नाही. दादी गेल्यावर एकटी बसायची.

पुढे अब्बांना नोकरी लागली आणि आम्ही सोलापूरला आलो. चाळीत वरच्या मजल्यावर दीड खोली. अम्माने जातं बरोबर आणलं होतं. १९८८ साली माझं बी.ए.चं दुसरं वर्ष. पहाटे अभ्यासाला उठायचो आणि ही घरघर सुरू. खालच्या बिऱ्हाडाने कधी तक्रार केली नाही. केली ती मी. म्हणालो, ''अम्मा, खाली गिरणी आहे. दोन रुपयांचं काम. लोक हसतात.'' लोक कुणी हसत नव्हते. मित्र घरी आले की मला लाज वाटायची, एवढंच. ती काही बोलली नाही. पुढच्या खेपेला गावाकडे जाताना जातं घेऊन गेली आणि ठेवून आली.

त्यानंतर तिचं डोकं दुखू लागलं. मग पाठ, मग सगळं अंग. झोप नाही. एका डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं, दुसऱ्यांनी गोळ्या दिल्या. दोन-तीन वर्षं हे चाललं. जात्याचा आणि याचा काही संबंध असेल असं कुणाच्या मनात आलं नाही. आजही मी छातीठोकपणे असेलच म्हणणार नाही. आलं असतं तरी सांगायचं कुणाला?

उतार पडला तो विड्यांमुळे. सोलापूरला हे नवल नाही. शेजारच्या पद्मशाली बाया जिन्याजवळ सूप मांडीवर घेऊन बसायच्या. पान कापायचं, तंबाखू भरायची, सुताने बांधायचं. अम्मा त्यांच्यात जाऊन बसू लागली. त्यांची तेलुगू, हिची दख्खनी, मधे मोडकी मराठी. विडीने छाती बिघडते, ते काम चांगलं असं मी म्हणणार नाही. पण वर्षभरात तिची झोप परतली.

गोव्यात संगाथ नावाच्या संस्थेने एक प्रयोग केला. सरकारी आरोग्य केंद्रांत येणाऱ्या उदास माणसांशी बोलायला तिथल्याच साध्या, मनाच्या वैद्यकाशी आधी संबंध नसलेल्या माणसांना काही आठवडे शिकवून बसवलं. सोबत गरज पडेल तिथे औषधं आणि डॉक्टरांची देखरेख. त्याचा गुण येतो, हे त्यांनी तपासून दाखवलं. २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये ते प्रसिद्ध झालं. मी ते वाचलं तेव्हा मला तो जिना आठवला. देशभरच्या २०१५-१६ च्या सर्वेक्षणात दिसलं होतं की मनाचा आजार असलेल्या बहुसंख्यांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. २०१७ च्या कायद्याने उपचार हा हक्क झाला. २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही फोनसेवाही आहे, १४४१६ हा तिचा क्रमांक. लिहून ठेवायला हरकत नाही. पण फोन उचलायच्या आधी आपल्याला काही होतंय हे तोंडातून निघावं लागतं, आणि आमच्यासारख्या घरांत तेच अडतं.

२००४ साली मी टेपरेकॉर्डर घेऊन अम्मासमोर बसलो. ओव्या सांग म्हणालो. तिला चार ओव्यांपलीकडे आठवेना. रागावून म्हणाली, ''हातात खुंटा नसला की कसं आठवेल?'' मग गावाहून जातं आणलं. चुलतभावाच्या दारात उलटं पडलं होतं, पायरीसारखं. टाकी लावून घेतली. तुरीची डाळ घेऊन ती बसली आणि मी टेप चालू केला.

आधी पंढरी झाली, मग भाऊ, मग सीता. अर्ध्या तासाने आवाज खाली आला. एका ओवीत एक नाव आलं, ते आधी मला कळलंच नाही. पुढच्या ओवीत पुन्हा आलं. सहा ओव्या त्या नावाच्या होत्या. तीस वर्षांत ते नाव मी घरात पहिल्यांदा ऐकलं. म्हणजे मी पुस्तक उघडून घरघरीवर वैतागत होतो तेव्हा अम्मा हे म्हणत होती.

मी टेप बंद केला नाही. तेवढ्यात माझी बायको चहा घेऊन आली. अम्माने हात थांबवला, पाळीभोवतीचं पीठ बोटाने सारखं केलं आणि म्हणाली, ''डाळ जाड पडतेय. टाकी नीट लागलेली नाही.''