शाहजोग

जुन्या हुंडीवर रक्कम कशी लिहीत, ते पाहण्यासारखे आहे. आधी अंकी, मग अक्षरी, आणि तेवढ्याने समाधान होत नसे म्हणून निम्मी रक्कम लिहून ‘त्याची दुप्पट पुरी’ अशी पुस्ती. हजाराची हुंडी असली तर पाचशेचे दुप्पट हजार. एखादे शून्य वाढवू पाहणाऱ्याला तीन ठिकाणी हात मारावा लागे आणि निमपट-दुपटीचा हिशेबही जुळवावा लागे. लिहिणाऱ्याने समोरच्याला चोर म्हटलेले नाही. कागद चोराच्या हाती जाऊ शकतो, एवढेच गृहीत धरलेले आहे.

गेली वीसेक वर्षे मी असे व्यापारी कागद गोळा करतो: हुंड्या, पेढ्यांची पत्रे, क्वचित एखादी जुनी नोट. पूर्वी ते रद्दीवाल्यांकडे आणि जुन्या बाजारात मिळत. आता बहुतेक व्यवहार फोनवर होतो. विकणारा चारशे कोसांवर, त्याचा चेहरा कधी पाहिलेला नसतो, आणि पैसे आधी द्यायचे की माल आधी पाठवायचा या प्रश्नाशी दोघेही अडतात. विकत घेतलेल्या हुंड्या वाचता वाचता लक्षात आले, की त्या लिहिणाऱ्यांपुढेही नेमका हाच प्रश्न होता. त्याची त्यांनी काढलेली उत्तरे आज फारशी कोणी वाचत नाही, म्हणून हा लेख.

हुंडीचे प्रकार बरेच. दाखवताच पैसे द्यायची ती दर्शनी, ठरावीक दिवसांनी द्यायची ती मुदती. माल सुखरूप पोहोचला तरच पैसे, अशी जोखमी हुंडी असे. तिच्यात विमाही आपोआप आला. धनीजोग हुंडीचे पैसे तिच्या धन्याला, फर्मानजोगचे त्याने सांगितलेल्या माणसाला. माझ्या विषयाच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची शाहजोग. शाह म्हणजे बाजारात पत असलेला, ज्याची पेढी सर्वांना ठाऊक आहे असा सावकार. शाहजोग हुंडी वाटेत कितीही हातांतून फिरो, अखेर पैसे घ्यायला उभा राहणारा माणूस शाह असला पाहिजे. येणारा तसा आहे की नाही, याची खात्री पैसे देणाऱ्या पेढीने करायची. पुढे हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली, तर पैसे घेतलेल्या शाहाने ते व्याजासह परत करायचे. हा रिवाज पुढे इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांनीही मान्य केला. १८८१च्या चलनक्षम दस्तऐवजांच्या कायद्याने देशी भाषांतल्या हुंड्यांच्या स्थानिक रिवाजांना पहिल्याच कलमात मोकळीक ठेवली आहे.

याचा व्यवहारात अर्थ काय होई? समजा, बुऱ्हाणपूरचा एक अनोळखी इसम हुंडी घेऊन पुण्यात आला. त्याला थेट पैसे मिळत नसत. आधी एखादा शाह गाठावा लागे आणि त्या शाहाला वाटले तरच हुंडी पुढे सरके. शाह चार प्रश्न विचारणार, ओळखीचा माणूस मागणार, आणि स्वतःचा थोडा मोबदला घेणार. हा इसम खरा की खोटा, हे पैसे देणाऱ्या पेढीला ठरवावे लागत नसे. खोटा निघाला तर भरून कोण देणार, एवढे तिला आधीच ठाऊक असे. माझ्या मते हुंडीव्यवस्थेचे सारे मर्म इथे आहे. परक्या माणसाच्या मनात शिरायचा उद्योग तिने केला नाही. एक सापडणारा माणूस मध्ये उभा केला.

उरलेली कलमेही त्याच धोरणाची. हुंडी गहाळ झाली तर लिहिणारा दुसरी प्रत देई, तिला पेठ म्हणत; तीही गेली तर परपेठ. पैसे एकदा दिले की मूळ हुंडी रद्द होऊन तिचा ‘खोका’ होई. ज्याच्यावर हुंडी काढली त्याने नाकारली, तर धारकाची फजिती होऊ नये म्हणून त्याच गावातल्या दुसऱ्या सावकाराच्या नावे जिकरी चिठ्ठी सोबत देत. अब्रू दोन ठिकाणी बांधलेली असे.

नरसी मेहतांची हुंडीची कथा या दृष्टीने पुन्हा वाचावी. द्वारकेला निघालेल्या यात्रेकरूंना रोकड बाळगण्याची भीती वाटते, त्यांना द्वारकेवर हुंडी हवी असते. गावातले टवाळ त्यांना नरसींच्या दारी धाडतात, आणि पेढी नाही, दुकान नाही असा हा भक्त सावळशा शेठच्या नावे हुंडी लिहून देतो. द्वारकेत त्या नावाचा सावकार कोणालाच माहीत नसतो. ऐकणाऱ्याचा जीव इथेच टांगणीला लागत असे, कारण पत्त्यावर माणूस नसणे म्हणजे काय, हे प्रत्येकाला कळत होते. पुढे देव स्वतः शेठ होऊन येतो, हे भक्तांचे भाग्य. बाजाराला तेवढ्यावर विसंबता येत नसे.

नाण्यांच्या बाबतीत तोच पहारा वेगळ्या रूपात होता. पेशवाईत निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात चालत, प्रत्येकाचा कस वेगळा. पोतदार आणि सराफ ते पारखत आणि फरकापुरता बट्टा कापत. नावाला बट्टा लागणे हा शब्दप्रयोग तिथूनच आपल्या बोलण्यात आला. १८३५मध्ये कंपनीने एकाच वजनाचा रुपया सुरू केला, १८० ग्रेन म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, आणि सराफाच्या पोटावर पाय आला. तो आकडा अजून उपयोगी पडतो. राणीछाप रुपया विकणाऱ्याकडे मी नाण्याआधी त्याचा तागडीवरचा फोटो मागतो.

या व्यवस्थेचे गोडवे गाताना एक गोष्ट दडवून ठेवता येणार नाही. शाह होण्याचा दरवाजा सर्वांना उघडा नव्हता. पेढी, जात, नातेगोते आणि पिढ्यांची ओळख, एवढे असले तर पत. ज्याला कोणी ओळखत नाही अशा माणसाला, मग तो कितीही सचोटीचा असो, ही भिंत ओलांडणे कठीण. खरा बदल इथे टपालखात्याने घडवला, आणि आपल्या आर्थिक इतिहासात त्याची नोंद फार त्रोटक होते असे मला वाटते.

टपालाने पैसे पाठवायचे तर लोकांनी आधी स्वतःच एक युक्ती काढली होती. नोट मधोमध कापायची, अर्धी आज पाठवायची, पोच आली की उरलेली अर्धी दुसऱ्या टपालाने. वाटेत एक तुकडा चोरला तरी चोराला त्याचा उपयोग नाही. दोन्ही तुकड्यांवरचा क्रमांक जुळला की नोट पुन्हा एक. १८६१च्या कायद्यानंतर निघालेल्या सरकारी नोटांपैकी कित्येक आज संग्राहकांकडे अशा कापून चिकटवलेल्या अवस्थेतच मिळतात. मधला जोड पाहून नवखे गिऱ्हाईक नाक मुरडते. मला तो जोड नोटेइतकाच मोलाचा वाटतो.

१८७७मध्ये व्हॅल्यू पेएबल पोस्ट, म्हणजे आपली व्ही.पी., सुरू झाली आणि १८८०मध्ये मनीऑर्डर टपालखात्याकडे आली. व्ही.पी.ने सरकारलाच शाह केले. विकणारा माल पोस्टात देई, पोस्टमन दारात पैसे घेऊन माल देई, आणि पैसे पोस्टामार्फत विकणाऱ्याकडे जात. जात नाही, ओळख नाही, फक्त पत्ता. मराठी पुस्तके आणि मासिके खेड्यापाड्यांत पोहोचली, त्यात या सोयीचा वाटा मोठा आहे. या अंकाच्या जुन्या वर्गणीदारांना ते वेगळे सांगायला नको.

पण व्ही.पी.तही एक फट होती: पैसे आधी, पुडके नंतर उघडायचे. आत काय आहे ते पोस्टमनलाही ठाऊक नाही. न मागवलेले पुडके धाडून द्यायचे आणि घरातले कोणीतरी पैसे देऊन सोडवून घेईल अशी आशा धरायची, हा धंदाही शक्य होता. १८९८च्या टपाल कायद्यात त्याची दखल दिसते. माल खऱ्याखुऱ्या मागणीवरून पाठवत आहे असे पाठवणाऱ्याने लिहून दिले पाहिजे, असा नियम करण्याची मुभा कायद्याने दिली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, फसवणूक दिसली तर वसूल झालेले पैसे रोखून धरायचे आणि घेणाऱ्याला परत करायचे, यासाठीही नियमांची तरतूद ठेवली. पैसा काही काळ तिसऱ्याच्या ताब्यात असतो म्हणूनच हे शक्य होते.

आताच्या बाजारात हा तिसरा कुठे गेला? १९९५मध्ये अमेरिकेत पिएर ओमिद्यार यांनी जी लिलावाची जागा उघडली, ती पुढे ईबे म्हणून प्रसिद्ध झाली. परक्यांमधली भांडणे आपल्याला मिटवता येणार नाहीत, हे ओळखून त्यांनी १९९६च्या सुरुवातीला गिऱ्हाइकांनी आणि विक्रेत्यांनी एकमेकांविषयी उघड शेरा लिहिण्याची सोय केली. कल्पना मोठी होती. ज्याला बाजारात काका-मामा नाही, त्यालाही पत कमावता येऊ लागली. मात्र शेरा आणि शाह यांत अंतर आहे. शंभर लोकांनी चांगले म्हटले, पण एकशे एकाव्याला फसवले तर त्या शंभरांतला एकही पैसे भरत नाही. लबाडाला हे कळते. तो पन्नास-शंभर रुपयांचे खरे व्यवहार करून तारे जमवतो आणि एका मोठ्या सौद्यात सगळी पत वटवून नाहीसा होतो. पेढीला नाहीसे होता येत नसे. पेढी उठली तर सोयरिकीही मोडत.

आमच्या छंदातल्या लबाड्या सांगायच्या तर कंपनीच्या नावाची, १८१८ सालाची, रामदरबार किंवा मारुती कोरलेली तांब्याची नाणी लाखांना विकायला असतात. कंपनीने अशी नाणी पाडलेलीच नाहीत. दुसरीकडे, तुमच्याकडे असलेली ट्रॅक्टरच्या चित्राची पाच रुपयांची नोट लाखांना घेतो म्हणणारे असतात. ते आधी नोंदणीचे, मग कराचे, मग कमिशनचे पैसे मागतात. ऑगस्ट २०२१मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले, की जुन्या नाण्या-नोटांच्या अशा व्यवहारांत आपण नाही आणि कसले शुल्कही मागत नाही. बनावट शाहाचे हे उत्तम उदाहरण. मध्यस्थाशिवाय चालत नाही हे ओळखून चोराने मध्यस्थाचाच वेश घेतला. पैसे अनामत ठेवतो म्हणणारी खोटी संकेतस्थळे त्याच जातीची. पैसे तुम्हाला पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका, असे म्हणणारा तर व्यवहाराची दिशाच उलटी करतो. यूपीआयचा पिन आपल्या खात्यातून पैसे जाताना लागतो, येताना लागत नाही.

संग्राहकांनी आपापसांत काही रिवाज पाडले आहेत, आणि ते हुंडीवाल्यांना ओळखीचे वाटले असते. वस्तूशेजारी त्या दिवसाची तारीख आणि घेणाऱ्याचे नाव हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवून फोटो मागायचा. म्हणजे वस्तू खरोखर त्याच्या हातात आहे एवढे तरी कळते. मोठा सौदा असेल तर दोघांच्या माहितीतल्या जुन्या दुकानदाराकडे वस्तू जांगड ठेवायची: पसंत पडून भाव पक्का होईपर्यंत विक्री झाली असे धरायचे नाही. हा शब्द हिऱ्यांच्या बाजारात आजही रोज वापरात आहे. दुकानदार दोन-तीन टक्के घेतो. नव्या पोरांना ते जड वाटते, ‘काका, थेट देऊन टाकू ना’ म्हणतात. त्यांना मी हुंडणावळ काय होती ते समजावत बसतो.

सरकारी बाजूनेही २०२१पासून एक सोय झाली आहे. फसवणूक झाल्यावर आता १९३० या क्रमांकावर कळवले, तर एका खात्यातून दुसऱ्यात पळणारी रक्कम बँका वाटेतच अडवू शकतात. १८९८च्या कायद्यातली, पैसे रोखून धरण्याची तीच कल्पना. फरक वेगाचा आहे. व्ही.पी.चे पैसे विकणाऱ्याकडे पोहोचायला दिवस लागत, तेवढ्यात तक्रार लिहिता येई. आता रक्कम काही मिनिटांत तीन-चार खाती ओलांडते, आणि फसलेला माणूस लाजेपायी रात्रभर कोणालाच सांगत नाही.