४ डिसेंबर : लिटल गिडिंगचे निकोलस फेरार

इंग्लंडमधील तत्कालीन हंटिंग्डनशायर परगण्यातल्या लिटल गिडिंग या चिमुकल्या वाडीला धर्मेतिहासात स्थान मिळवून देणारे निकोलस फेरार यांचे ४ डिसेंबर १६३७ रोजी निधन झाले. अमेरिकेत वसाहत वसवणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीचा कारभार पाहिलेल्या या विद्वानाच्या कुटुंबाने ही ओसाड वाडी विकत घेतली, तेव्हा तेथील सेंट जॉनच्या चर्चमध्ये गवत साठवलेले होते. त्यांच्या मातोश्री मेरी यांनी राहत्या घराआधी चर्चची डागडुजी करवून घेतली, यातच या कुटुंबाची निष्ठा दिसते. १६२६ मध्ये डीकनपदाची, म्हणजे पाद्रीपदाखालच्या पायरीची, दीक्षा घेतलेल्या फेरार यांच्या मार्गदर्शनाखाली सुमारे ३०-४० जणांचे हे कुटुंब मठाची व्रते न घेताही प्रार्थना, अध्यापन आणि रुग्णसेवा यांत गढून गेले. चारही शुभवर्तमानांचे छापील उतारे कापून व चिकटवून, मुख्यतः घरातील स्त्रियांनी सिद्ध केलेले सलग ख्रिस्तचरित्र पहिल्या चार्ल्स राजालाही हवेसे वाटले, इतके ते हस्तकौशल्य अपूर्व होते. १६५७ नंतर हा समुदाय ओसरला. मात्र १७१४ मध्ये पुनर्बांधणी झालेल्या त्या चर्चला कवी टी. एस. एलियट यांनी १९३६ मध्ये भेट दिली आणि १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या दीर्घकवितेला या वाडीचेच नाव दिले.